ठाण्याचा तुरुंग, मूसेवाला आणि बंदुकीची गाणी

१८१६ सालच्या पावसाळ्यात ठाण्याच्या किल्ल्यात एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवून आणायचा आणि फिरवता फिरवता आपल्याच नादात गाणी म्हणायची, असा त्याचा रोजचा क्रम. घोडा मात्र तो नेमका एका खिडकीखालून नेई आणि तिथूनच परत आणी. त्या खिडकीआड दुसऱ्या बाजीरावाचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होता. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला, संशय त्रिंबकजीवर गेला, आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशव्याच्या मानगुटीवर बसून त्याला ताब्यात घेतलं. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहाऱ्यावर मुद्दाम गोरे सोल्जर ठेवले होते.

गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं. मोतद्दार बाहेरच्या तयारीची सगळी खबर गाण्यातून आत पोचवत होता आणि पहारेकरी ते शांतपणे ऐकून घेत होते. १२ सप्टेंबर १८१६ ला त्रिंबकजी शेजारच्या तबेल्याच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला आणि तटावरून उतरून पसार झाला. मोतद्दारही त्याच दिवसापासून दिसेनासा झाला. ग्रँट डफच्या इतिहासात ही हकिकत आहे. पुढे बिशप हेबर चुनारच्या किल्ल्यात पुन्हा पकडलेल्या त्रिंबकजीला भेटला आणि त्यानेही ती आपल्या प्रवासवर्णनात रंगवून लिहिली. त्या पळण्याची किंमत बाजीरावाने जून १८१७ च्या पुणे करारात मोजली, आणि वर्षभरात पेशवाईच बुडाली. पेशवाई काही एका गाण्याने बुडाली नाही, हे खरं. पण ठाण्यात गाणं, गुन्हा आणि तुरुंग यांची गाठ पडली ती तेव्हा, आणि ती नंतर सुटलीच नाही.

पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला तो किल्ला म्हणजेच आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. कोर्ट नाक्याकडून येणाऱ्या माणसाला त्याची भिंत इतकी सवयीची झालेली असते की तिच्यात किल्ला आहे हे लक्षातही येत नाही.

१८१६ मध्ये सरकारने गाणं ऐकून सोडून दिलं होतं. पुढच्या शतकात त्याने ते जरा जास्तच ऐकलं. १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांवर खटला झाला तो बंदुकीपायी नव्हे, कवितांपायी. ‘लघु अभिनव भारतमाला’ नावाच्या पुस्तिकेतल्या कवितांवर न्यायालयात कीस पाडला गेला. देवांची, राक्षसांची, शिवाजी महाराजांची नावं घेऊन कवी नक्की कोणाला मारायला सांगतो आहे? न्यायालयाला उत्तर मिळालं आणि ८ जून १९०९ ला बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ताही जप्त झाली. हा खटला वर पाठवणारा कलेक्टर होता ए. एम. टी. जॅक्सन. माणूस संस्कृतचा व्यासंगी, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात त्याच्या निरोपानिमित्त ‘शारदा’चा प्रयोग होता. अनंत कान्हेरेने तिथे ब्राउनिंग पिस्तुलातून त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचा होता.

या तिघांना कुठल्या टोळीवाल्याच्या पंक्तीला बसवण्याचा इथे हेतू नाही. लक्षात घ्यायची ती सरकारची चाल. पिस्तूल लंडनहून लपूनछपून आलं तेव्हा सरकारला पत्ता नव्हता, कविता मात्र त्याने ओळ न् ओळ भाषांतर करून घेतली होती. गाणं सापडायला सोपं असतं. त्यावर छापणाऱ्याचं नाव असतं, ते चार लोकांनी ऐकलेलं असतं आणि न्यायालयात वाचून दाखवता येतं. पिस्तूल हाती लागायला माणूस मरावा लागतो.

हेच कोडं पुढे पंजाबातल्या एका पोराच्या गळ्यात पडलं, आणि तेही ठाण्याच्या तुरुंगात राहून गेलेल्या एका नटामुळे.

संजय दत्तला १९ एप्रिल १९९३ ला मुंबईत अटक झाली. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या मालिकेशी जोडलेल्या शस्त्रसाठ्यातली एके-५६ रायफल त्याने घरात ठेवल्याचा आरोप होता. जुलै १९९४ मध्ये त्याचा जामीन रद्द झाला आणि ऑक्टोबर १९९५ पर्यंत तो आत होता. त्यातला काही काळ ठाण्याच्या तुरुंगात गेला. हिंदी सिनेमाचा बंदूकधारी नायक खऱ्या बंदुकीपायी ठाण्यात कोठडीत बसला आहे, ही गोष्ट त्या काळी लोकलच्या डब्यात चघळली गेली नसती तरच नवल. पुढे आरोपांतला टाडाचा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचा भाग सुटला, शस्त्रास्त्र कायद्याखालची शिक्षा कायम राहिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो येरवड्यातून बाहेर पडला. तोवर ‘मुन्नाभाई’ होऊन गेला होता. प्रेक्षकांनी त्याला कधीच माफ करून टाकलं होतं, आणि काहींच्या लेखी ती रायफल त्याच्या वजनात भर घालणारीच होती.

त्या काहींपैकी एक सिद्धू मूसेवाला. खरं नाव शुभदीपसिंग सिद्धू, जन्म ११ जून १९९३, म्हणजे संजय दत्तच्या अटकेनंतर जेमतेम दोन महिन्यांनी. गाव मूसा, जिल्हा मानसा. पंजाबचा हा कोपरा कापसाचा आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांचा. लुधियानाच्या गुरू नानक देव इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन तो २०१६ मध्ये शिकायला कॅनडाला गेला. तिथल्या ब्रॅम्प्टन शहरात पंजाबी इतके की त्याला आपलं माळव्याकडचं पंजाबी बदलावं लागलं नाही. त्या बोलीलाच त्याने अमेरिकन गँगस्टा रॅपचा ठेका दिला. २०१७ मधल्या ‘सो हाय’ने तो घराघरात पोचला. २०१८ मध्ये ‘पीबीएक्स वन’ हा अल्बम आला, २०२१ मध्ये ‘मूसटेप’.

गाण्यांत बंदुका होत्या, जातीचा ताठा होता, वैर होतं. पण एवढ्यावर तो मोठा झाला नाही. त्याच्या गाण्यातला माणूस ट्रॅक्टर चालवणारा होता, गावाला चिकटून राहिलेला होता, आणि शहरी पंजाबी गायकांना तो सरळ हिणवायचा. पैसा आल्यावरही तो मूसा गावातच राहिला. २०१८ च्या अखेरीस आई चरणकौर गावची सरपंच झाली. आपल्याकडच्या शाहिराला जसं गावकीचं बळ असतं तसं बळ त्याच्या मागे होतं. पंजाबात पराक्रमाची कवनं गायची जुनी परंपरा आहे, तिला ‘वार’ म्हणतात, आणि शीख सेनापती हरिसिंग नलव्यावर त्याने गायलेलं कवन ‘वार’ याच नावाने त्याच्या मृत्यूनंतर निघालं. शाहीर अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा गायला तो मेलेल्या शत्रूवर. मूसेवालाचे शत्रू मात्र जिवंत होते आणि त्यांच्याकडे मोबाइल होते.

मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या ऐन भरात त्याचा एक व्हिडिओ फिरू लागला. गोळीबाराच्या मैदानावर पोलिसांच्या सोबतीने तो एके-४७ चालवत होता. गुन्हा नोंदला गेला, काही पोलिसांना निलंबित केलं. दुसऱ्या कोणी जामीन मिळाल्यावर काही दिवस तोंड बंद ठेवलं असतं. मूसेवालाने जुलैत ‘संजू’ नावाचं गाणं काढलं आणि शस्त्रास्त्र कायद्याचा आपला गुन्हा संजय दत्तच्या गुन्ह्याशेजारी नेऊन ठेवला. त्या गाण्यावरून पंजाब पोलिसांनी आणखी एक गुन्हा दाखल केला. ठाण्याच्या कोठडीत पंचवीस वर्षांपूर्वी काढलेले दिवस मोहालीतल्या फिर्यादीत असे उगवले.

पंजाबात तोवर गाण्यांवरचा राग कोर्टापर्यंत गेलाच होता. दारू, अमली पदार्थ आणि हिंसा यांचा गौरव करणारी गाणी जाहीर कार्यक्रमांत वाजू देऊ नका, असं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये बजावलं होतं. हा लढा लावून धरणारे पंडितराव धरेन्नवर चंदीगडमध्ये प्राध्यापक, मूळचे आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातले. त्यांची तळमळ खरी होती. प्रश्न इतकाच की गाणी थांबवून बंदुका थांबल्या असत्या का. पंजाबातल्या टोळ्या कॉलेजांच्या निवडणुकांतून, कबड्डीच्या स्पर्धांतून आणि तुरुंगातल्या मोबाइलवरून वाढत होत्या. गायक त्यांना हवे होते ते खंडणीसाठी.

गँगस्टा रॅपचं मूळ अमेरिकेतलं, तिथेही कथा अशीच. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या चमूने १९८८ मध्ये पोलिसांना शिव्या घालणारं गाणं काढलं, तेव्हा १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने त्यांच्या कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. पत्राने झालं इतकंच की खप वाढला. या संगीताचा सर्वांत मोठा माणूस टुपाक शकूर. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीतल्या बाईचा हा मुलगा, वाचनाचा नाद असलेला, आणि हाणामारीच्या सापळ्यात स्वतःहून शिरलेला. ७ सप्टेंबर १९९६ ला लास व्हेगासमध्ये माइक टायसनची झुंज पाहून निघाल्यावर सिग्नलला थांबलेल्या गाडीत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांनी तो गेला, वय पंचवीस. सहा महिन्यांनी त्याचा प्रतिस्पर्धी नोटोरियस बी.आय.जी. तसाच गाडीत मारला गेला, तो चोवीस वर्षांचा. टुपाकच्या खुनात पहिली अटक व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. रॅपच्या ओळी पुरावा म्हणून न्यायालयात वाचण्याचा प्रघात मात्र मधल्या काळात अमेरिकेत जोरात होता. शेवटी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाला त्याला आळा घालणारा कायदा करावा लागला.

मूसेवालाच्या डोळ्यांसमोर टुपाकचं मरण होतं. १५ मे २०२२ ला त्याने ‘द लास्ट राइड’ हे गाणं काढलं. त्याच्या चित्रावर टुपाक ज्या गाडीत मारला गेला तिचा संदर्भ होता.

डिसेंबर २०२१ मध्ये तो काँग्रेसमध्ये गेला होता. मानसातून विधानसभेला उभा राहिला आणि आम आदमी पक्षाच्या उमेदवाराकडून तब्बल ६३,३२३ मतांनी हरला. गाणी ऐकणारी पोरं वेगळी आणि मतं देणारी घरं वेगळी, हे उमेदवारीला हपापलेल्या आपल्याकडच्या कलाकारांनीही ध्यानात ठेवावं असं आहे. २८ मे २०२२ ला नव्या सरकारने चारशेहून अधिक मंडळींची सुरक्षा काढली किंवा कमी केली. मूसेवालाचे चार अंगरक्षक होते, त्यांचे दोन झाले.

दुसऱ्या दिवशी, २९ मेला संध्याकाळी तो दोन मित्रांना घेऊन स्वतः थार चालवत निघाला. बुलेटप्रूफ गाडी घरीच राहिली, अंगरक्षकही. ते लक्षात येताच वडील बलकौरसिंग अंगरक्षकांना घेऊन दुसऱ्या गाडीने मागोमाग निघाले. जवाहरके गावाजवळ थारला पुढूनमागून अडवून गोळ्यांचा वर्षाव झाला. मित्र जखमी होऊन वाचले, मूसेवाला वाचला नाही. एकोणतिसावा वाढदिवस तेरा दिवसांवर आला होता. ३१ मेला त्याची अंत्ययात्रा निघाली ती त्याच्या आवडत्या ५९११ ट्रॅक्टरवर. हा ट्रॅक्टर त्याने गाण्यांतून इतका गाजवला होता की शेतीशी संबंध नसलेल्या पोरांनाही त्याचा नंबर पाठ होता.

कॅनडातून गोल्डी ब्रारने खुनाची जबाबदारी घेतली. २०२१ मध्ये मारल्या गेलेल्या युवा अकाली नेत्याचा सूड लॉरेन्स बिष्णोईच्या टोळीने घेतला, असा तो दावा. म्हणजे दोन वर्षं पोलीस ज्या ओळी तपासत होते त्यांपैकी एकीनेही हा खून घडवला नव्हता. हिशेब टोळ्यांचा होता.

त्या हिशेबाचे धागे महाराष्ट्रातही सापडले. जून २०२२ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी आंबेगाव-मंचरच्या परिसराशी लागेबांधे असलेल्या तरुणांना पकडलं, एकाला थेट कच्छमधून उचललं. सुरुवातीला यांच्याकडे शूटर म्हणून बोट दाखवलं गेलं. पुढे प्रत्यक्ष गोळ्या झाडणारे म्हणून जी सहा नावं पुढे आली त्यांत ही पोरं नव्हती. तरी विशी-पंचविशीतली, ऊस-बटाट्याच्या पट्ट्यातली मुलं पंजाबच्या टोळीत कशी पोचली, हा सवाल राहिलाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांचा खून झाला. त्या प्रकरणात बिष्णोई टोळीचं नाव आलं, आणि आठवड्याभरात डोंबिवली, अंबरनाथ आणि पनवेलमधून पाच जणांना अटक झाली. खटल्याचा निकाल लागायचा आहे. पण टोळीचं जाळं मुंबई लोकलच्या नकाशावर उतरलं, हे डोंबिवलीकराला त्या दिवशी पेपरात दिसलं.

मग या भागातली स्वतःची बंदुकीची गाणी कुठली? ती ऐकायची तर रॅपच्या मागे न लागता कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या गावांत हळदीच्या रात्री जावं. आगरी लग्नात पूर्वी धवलारीण असायची. लग्नाचा एकेक विधी ती गाण्याने पुढे नेई. मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत सगळं तिच्या तोंडी पाठ, आणि भटजीइतकाच तिचा मान. ती आता विरळ झाली. तिच्या जागी बेंजो पार्टी आली, मग डीजे. त्या डीजेवर नवरा-नवरीच्या बरोबरीने शेठची गाणी वाजतात. शेठचं नाव, गावाचं नाव, गळ्यातलं सोनं, मागे गाड्यांची रांग, आणि सगळ्यांच्या वर त्याचा बैल. गायक मंडळी गुणी आहेत, ठेका असा की पाय स्वस्थ बसत नाहीत. पैसा बहुतेक जमिनीचा. ज्या भातखाचरावर बापाने तांदूळ काढला तिथे टॉवर उभा राहिला, आणि मिळालेल्या पैशातला मान शोधायला बैलगाड्याइतकी हक्काची जागा दुसरी नव्हती.

बैलगाडा शर्यतींवर वर्षानुवर्षं बंदी होती. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि ठाणे-रायगडात बिनजोड शर्यतींना उधाण आलं. बैल सिनेमाच्या नटांसारखे ओळखीचे झाले, त्यांच्यावर गाणी निघाली, त्यांच्या मालकांच्या गटांत इंस्टाग्रामवर ललकाऱ्या झडू लागल्या. १३ नोव्हेंबर २०२२ ला अंबरनाथच्या एमआयडीसी भागात पनवेल आणि कल्याणकडचे दोन गट समोरासमोर आले आणि भर रस्त्यात गोळीबार झाला. मूसेवालाच्या खुनाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. गोळीबाराची मोबाइलवर काढलेली चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली.

त्याच अंबरनाथमध्ये पाच महिन्यांनी एका रॅपरवर गुन्हा दाखल झाला. त्या पोराच्या हातात बंदूक नव्हती, गाण्यातही नव्हती. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर आणि त्यातल्या खोक्यांच्या, म्हणजे पैसे वाटल्याच्या चर्चेवर एक मराठी रॅप टाकला होता. गाण्यात कोणत्याही नेत्याचं नाव नव्हतं. शिवसेनेच्या शिंदे गटातल्या युवासेनेच्या पदाधिकाऱ्याने शिवाजीनगर पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. बदनामी, शांतताभंग करण्याच्या हेतूने अपमान, समाजात तेढ, अशी कलमं लागली. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ठाण्याचेच. पोरगा काही दिवस कुठे आहे तेच कळत नव्हतं, विरोधकांनी आरडाओरडा केला, पुढे न्यायालयाने त्याला अटकपूर्व जामीन दिला. गाणं त्याआधी ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ते मधल्या काळात शोधून ऐकलं. एन.डब्ल्यू.ए.च्या पत्राचं झालं तेच इथे झालं.

अंबरनाथहून उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं फार लांब नाही. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री तिथे वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, द्वारली गावच्या जमिनीच्या वादातून कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रकार सीसीटीव्हीत टिपला गेला. आपण गोळ्या झाडल्याचं आमदारांनी वृत्तवाहिनीला फोनवरून सांगितलंही. महेश गायकवाड बचावले. या प्रकरणात कुठलंही गाणं जप्त करावं लागलं नाही, कारण गाणं नव्हतंच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने कल्याण पूर्वची उमेदवारी आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना दिली. विरोधात महेश गायकवाड अपक्ष उभे होते. सुलभा गायकवाड निवडून आल्या.